बाबांचा व्हर्नियर

४ मार्च

भावजयीस अनेक आशीर्वाद.

आधी ‘सौ.’ लिहिलं, मग खोडलं. नवा कागद घेण्याइतकी उमेद नाही.

बारक्याला जाऊन अठरा दिवस झाले. तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच लिहिते. आठ महिने तू मला माझ्या भावाजवळ फिरकू दिलं नाहीस. दोन तास बसमध्ये बसून आले, तर दारातूनच परत पाठवलंस. तो काचेमागे बसला होता. त्याने हात हलवला, मी हात हलवला. प्राणिसंग्रहालयात माणसं हेच करतात. गेल्यावर मात्र बघायला बोलावलंस.

कर्करोग मारायला म्हणे विषाणू टोचायचे. घरात चोर शिरला म्हणून दरोडेखोराला बोलावण्यातला प्रकार. आणि त्याला हो म्हणणारी तू, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. मी आपली शिवणकामवाली, मला काय कळतं. तो त्या सुयांनीच गेला, असं मी सगळ्यांना सांगते.

बाबांचा व्हर्नियर पाठवून दे. लेथवरच्या कामाची मापं बाबांनी त्यानेच घेतली, मग बारक्याने घेतली. आता तो माझा. तुझ्याकडून दुसरं काही नको.

लोभ होता तेवढा पुरे.
ताई

११ मार्च

ती. ताईंना शि. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिणं जमत नाही. मुद्द्याचं तेवढं सांगते.

तो विषाणू ओठावर फोड आणणाऱ्या जातीचा. त्यात बदल करून तो गाठीत टोचतात. तो कर्करोगाच्या पेशीत वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. निरोगी पेशीत त्याचं फारसं चालत नाही. हे दर रविवारी व्हर्नियरने गाठी मोजायचे, मी वहीत लिहायची. पोटरीवरची अठरा मिलिमीटरची गाठ बारा आठवड्यांत सहावर आली. इतकी सफाई लेथवर दाखवली असती तर फोरमनने पाठ थोपटली असती, असं हे म्हणाले. यकृतातली गाठ सुईच्या आवाक्यात नव्हती. हे त्या गाठीने गेले. सांगायचंच तर हे सांगा.

जखम पाझरायची आणि त्यात जिवंत विषाणू असायचा. मी हातमोजे घालून पट्टी बदलायची. तुमची गोष्ट वेगळी. ह्यांनी अकरा वर्षांपूर्वी दिलेलं मूत्रपिंड तुमच्या शरीराने नाकारू नये, म्हणून तुम्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेता. तुम्हाला लागण झाली असती तर ती आवरली नसती. हे फोनवर सांगत होते, तर तुम्ही फोन आपटलात.

डॉक्टर म्हणाले होते, लांब बसून भेटायला हरकत नाही. त्यावर ह्यांनी मला विचारलं, की ताई लांब बसणाऱ्यातली आहे का. तिला आत घेऊ नकोस म्हणाले, आणि मी सांगितलंय हेही कळू देऊ नकोस. माझ्यावर रागावली तर रडत बसेल, तुझ्यावर रागावली तर निदान जेवेल तरी.

म्हणून मी वाईट झाले. फार जड गेलं नाही. तुमचंमाझं जमलं होतं कधी?

व्हर्नियर मिळणार नाही.

कळावे. लोभाची अपेक्षा नाही.
आपली भावजय

२० मार्च

भावजयीस आशीर्वाद.

फोन आपटला, पण गोळ्यांचं ऐकलं होतं. आता तू ऐक. त्या दिवशी दारात उभी होते तेव्हा तेरा दिवस मी एकही गोळी घेतली नव्हती. औषध अंगातून उतरलं की मी चारचौघींसारखी, मग तुला अडवायला कारण उरणार नाही, असा माझा हिशेब. तेच सांगायला तोंड उघडलं, तर तू दार लावलंस.

नंतर पुन्हा सुरू केल्या. पण तो गेल्यापासून कधी घेते, कधी विसरते, कधी मुद्दाम विसरते. घोटे सुजलेत. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय बसत नाही. तपासायला गेलेले नाही. कुणासाठी जायचं?

व्हर्नियर ठेव तुलाच. मला मोजायला काही उरलेलं नाही.

ताई

२४ मार्च

ती. ताईंना सा. न.

पत्र वाचून लगेच फोन फिरवला. दुःखाने नाही, रागाने.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून परस्पर तुमच्या रुग्णालयाशी बोलले. तुमची शुक्रवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. जायचं.

ह्यांची दोन मूत्रपिंडं होती. एक ह्यांच्याबरोबर गेलं. दुसरं अजून चालतंय आणि ते तुमच्या पोटात आहे. ह्यांचं जिवंत असं तेवढंच राहिलंय. मुद्दाम विसरून ते मारायचा तुम्हाला अधिकार नाही. आठ महिने मी दारात उभी राहिले, ती तुम्हाला जपायला नाही, त्याला जपायला.

सोबत व्हर्नियर आहे. रोज सकाळी उठल्याउठल्या घोटे मोजायचे. व्हर्नियरचे जबडे दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे. रविवारचा आकडा मला कळवायचा. वहीची मागची पानं कोरी आहेत.

हे प्रेमाने लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.
आपली भावजय

५ एप्रिल, रविवार

भावजयीस आशीर्वाद.

डावा एकाहत्तर, उजवा एकोणसत्तर.

मागच्या रविवारी डावा शहात्तर होता, पण तेव्हा मी रुग्णालयात होते. पाच दिवस ठेवून घेतलं. थोडं गेलं, बाकीचं वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. ओरडलेही बरंच. तुझ्याइतकं त्यांना जमत नाही.

गोळ्या घेते. तुझ्या सांगण्यावरून नाही.

व्हर्नियरच्या पेटीत तुझ्या नव्या हातमोज्यांचा एक जोड आला आहे. घालून बघितला, बोटं आत जाईनात. इतक्या लहान हातांनी तू आठ महिने एकटीने पट्ट्या बदलल्यास. मला एकदा तरी बोलवायचं होतंस, असं लिहिणार होते.

राग आहे तसाच आहे. आकडे लिहून ठेव.
ताई