पंधरा ग्रॅम गहू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजनकाट्यावरचा निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो दाखला पत्नीने दोनदा वाचला आणि "नीट तपासलं ना त्यांनी?" असं विचारलं, याचीही नोंद व्हावी.

१. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची आणि बँकेतली शिल्लक माझ्यामागे पत्नीला मिळावी. कबुतरांपायी बत्तीस वर्षं तिला गच्चीवर एक चादरही धड वाळत घालता आली नाही. तिने आता खुशाल दोऱ्या बांधाव्यात.

२. माझी चौदा गिरेबाज कबुतरं, म्हणजे उडता उडता मागच्या मागे कोलांट्या मारत खाली येणारी, खुराड्यासकट लेकीला द्यावीत. तिचं औषधांचं दुकान आहे. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कबुतरं नकोत. तुमचा तो दाणे तोलायचा छोटा काटा मात्र द्या." सबब, काटा कबुतरांसोबतच मिळेल, सुटा मिळणार नाही.

खुराक असा: पाखरामागे रोज तीस ग्रॅम. ज्वारी, गहू, थोडे जव. वाटाणे थंडीत आणि पिसं झडायच्या दिवसांत घालावेत, एरवी बेतानेच. वाटाणे जास्त झाले की पाखरं अंगाने भरतात, उंच जाऊन तासन्‌तास नुसती घिरट्या घालतात आणि कोलांटीचं नाव काढत नाहीत. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मीही असंच काढलं. स्पर्धेआधी चार दिवस वाटाणे बंद करावेत, गहू वाढवावा, एकूण माप थोडं उतरवावं. पोट हलकं असलं की कोलांटी जलद बसते. पण पंचवीस ग्रॅमच्या खाली कधीही जायचं नाही. का, ते पुढच्या कलमात.

३. हे कलम वकिलांना नको होतं. "यात मालमत्ता कुठे आहे?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "लिहा तर खरं."

खालच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो, वायरमन. माझ्या खुराड्यातलं एक पिल्लू आईबापांनी टाकलं, तेव्हा त्याने ते स्वतःच्या स्वयंपाकघरात, बोटाने भरवून जगवलं. काळीभोर मादी, नाव शाई. मोठी झाल्यावर मी म्हटलं, "दे माझ्याकडे, हिला चॅम्पियन करतो." त्याने दिली.

सात वर्षांपूर्वी स्पर्धा आली. तीस ग्रॅमवर शाई दहा कोलांट्या मारायची, पंचवीसवर चौदा. मी हिशेब मांडला की पंधरावर वीस मारेल. ट्रकच्या काट्यावर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे शास्त्र. तीन दिवस तिला पंधरा ग्रॅम गहू दिला. आदल्या दिवशी धाकटा वर आला, तिला हातात घेतलं आणि म्हणाला, "दादा, छातीचं हाड बोटाला लागतंय हिच्या. नको उडवूस." मी म्हटलं, "तू वायरी बघ."

स्पर्धेच्या सकाळी तिने वीसच्या वर मारल्या. मी मोठ्याने मोजत होतो. थांबायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती गच्चीच्या कठड्यावर आदळली होती.

परीक्षकांसमोर मी धाकट्यावर ओरडलो, "तूच चोरून वाटाणे चारलेस, जड केलीस तिला!" तो खाली निघून गेला. मग मी खुराकाची वही काढली आणि १५ चे २५ केले. एकाचा दोन करायला कौशल्य लागत नाही. नोकरीत एकही आकडा फिरवला नाही, फिरवला तो कबुतरांच्या वहीत, जी माझ्याशिवाय कोणी उघडतही नव्हतं. त्यानंतर सात वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना वाट देत आलो, पण एक शब्दही बोललो नाही.

तरी जाहीर करतो की वाटाणे कोणीही चारले नव्हते. शाई माझ्या हाताने मेली.

४. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणतात, आणि मला त्याची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असंही ते म्हणाले. मला ती आहे.

म्हणून काल दुपारी मसुदा घेऊन मी स्वतः खाली गेलो. त्याने दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "कुठे पुरलीस तिला?"

"गच्चीवर. लिंबाच्या मोठ्या कुंडीत."

चपला न घालताच तो माझ्या पुढे जिना चढला. कुंडीपाशी जाऊन थांबला. मी खुराड्याची कडी उगाच लावली, काढली.

"लिंबं लागतात का?" त्याने विचारलं.

"लागतात."

"मग सात वर्षांत एक तरी खाली पाठवायचं होतंस, दादा."

एवढं बोलून त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. सही उद्या वकिलांसमोर करायची आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "उद्याही करतो."

येणेप्रमाणे लिहून, वाचून, सही केली.

सही: मोठा भाऊ
साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ, वायरमन (सर्व वाचून)
साक्षीदार दुसरा: दाखला देणारे डॉक्टर (न वाचता)
स्थळ: आमची गच्ची
दिनांक: चौदा फेब्रुवारी, सकाळ