ओंडक्यावरची अळंबी

११ ऑगस्ट १९६१, शुक्रवार

आज पोरांपुढं इरम्माला हसलो.

सातवीचा वर्ग ओढ्यावर नेला होता. तिथं आंब्याचं जुनं खोड कुजत पडलंय. त्यावर पांढरी अळंबी, शिंपल्यासारखी, एकावर एक. पुस्तकातल्या चित्रासारखी हुबेहूब. खाण्याजोगी जात, असं पोरांना सांगत होतो, तेवढ्यात इरम्मा मोळी घेऊन आली. म्हातारी रानातून सरपण आणते, पावसाळ्यात बाजारात अळंबी विकते. आपल्या कानडीमिश्रित बोलीत म्हणाली, "ब्याड, नगं गुरुजी, ती घिऊ नगा. देठ मोडून बघा, आत काळं आसंल."

मी म्हणालो, "पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नाही, इरम्मा." पोरं खिदळली. मीही.

ती गेली. देठ मी मोडून बघितला नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

ओढ्यावरून आणलेली एक अळंबी रात्रभर कागदावर पालथी ठेवली होती; तिच्यातून गळलेली बीजांची भुकटी पांढरी निघाली. पुस्तकात तसंच आहे — खात्री झाली!

सकाळीच जाऊन टोपलीभर काढून आणली, पाटलांच्या घरी दिली. महारुद्र पाटील गावचे सरपंच. त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत मी राहतो. त्यांच्या मंडळींनी, लक्ष्मीबाईंनी, बाजारात इरम्माकडूनही थोडी घेतली होती. म्हणाल्या, "दोन्ही एकाच कालवणात टाकते. गुरुजी, तुम्हाला देऊ का वाटीभर?"

आमच्यात चालत नाही, म्हणालो. तुळजापूरला आमच्या घरात अळंबी कधी शिजली नाही. चव कशी असते तेही मला ठाऊक नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

पाटील, लक्ष्मीबाई आणि पाटलांच्या आई मथुराबाई — तिघांनाही काल जेवणानंतर तासाभरात उलट्या सुरू झाल्या. ट्रकमध्ये घालून उमरग्याला दवाखान्यात नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? पाटलांचे धाकटे भाऊ धुळाप्पा म्हणाले, "इरम्माकडची अळंबी." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मी मथुराबाईंच्या तोंडापुढं भांडं धरून उभा होतो. हात गुंतले होते म्हणून बोललो नाही, असं लिहावंसं वाटतंय. खोटं आहे. हात गुंतले होते, तोंड नव्हे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. पोरांपुढं खरं बोलण्यावर दहा मिनिटं बोललो.

१७ ऑगस्ट, गुरुवार

ओढ्यावर एकटा गेलो. देठ मोडला. आत शाई सांडावी तसा काळा डाग. दुसरा मोडला, तिसरा मोडला. सगळ्यांत तेच.

पुस्तक विलायतेत छापलेलं. त्यातली अळंबी तिकडची, तिकडच्या झाडांवरची. हे मला आधी सुचू नये?

पाटील नवराबायको घरी आले. मथुराबाई अजून दवाखान्यातच. पेजेचे दोन घोट घेतात म्हणे, बोलत नाहीत.

२० ऑगस्ट, रविवार

लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

इरम्मा बाजारात नेहमीच्या जागी बसली होती. धुळाप्पांनी तिची पाटी लाथेनं उडवली. "इख विकतीस व्हय? पुन्यांदा हितं बसायचं न्हाय." ती मातीतली अळंबी गोळा करत सांगत होती, "म्या लाकडावरची आणत न्हाय. वारुळावरची हाय ही. बघा की." कुणी बघितलं नाही.

मी गुळाच्या दुकानापाशी उभा. तिची न् माझी नजर भिडली.

मी दुकानदाराला गुळाचा भाव विचारला.

२३ ऑगस्ट, बुधवार

इरम्माच्या खोपटावर गेलो. ती चूल फुंकत होती. "ती अळंबी माझी होती," म्हणालो.

"ठावं हाय. खोडावरची काढल्याली बघितली म्या."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकतंय, गुरुजी? तुमी सांगा. तुमचं ऐकत्याल." मग चुलीत काटकी सारत म्हणाली, "मथुराबाईला बरं हाय का?"

मी तिच्या घरी गेलो होतो, पण तिचं कसं चाललंय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

२६ ऑगस्ट, शनिवार

मथुराबाई घरी आल्या. हाताला धरून चालतात.

उद्या चावडीत बैठक आहे. सगळं सांगणार. नोकरी जाईल. जाऊ दे.

२७ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. ओढ्यावरची अळंबी मी काढली, मी दिली, इरम्मानं आधीच नको म्हटलं होतं — सगळं. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "छे, गुरुजींची अळंबी पांढरीशुभ्र होती." पाटील उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकला-सवरला माणूस चुकंल कसा? म्हातारीची दया आली म्हणून आळ स्वतःवर घेतायत. असा मास्तर मिळायचा न्हाय." मी पुन्हा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इरम्मा दाराबाहेर उभी होती. टाळ्या संपायच्या आत निघून गेली.