सुताराशेजारचा प्लॉट

प्रिय ठमे,

फोन आपटलास म्हणून हे पत्र. यात निदान मध्ये तोंड घालता येणार नाही तुला. घरांचे नकाशे काढणारी लेक असताना बापाने तिला न विचारता सुताराच्या कारखान्याला खेटून प्लॉट ठरवला, तेव्हा तुझ्या नाकाला मिरच्या झोंबणारच. पण आधी ऐकून घे.

दलालही वैतागला होता. त्याने टेकडीवरची शांत जागा दाखवली. तुझी आई तिथे डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, इथे काहीच नाही. तळ्याकाठची जागा मला आवडली होती, तिथेही तेच. जाईल तिथे ही डोळे मिटायची. दलालाला वाटलं, बाई जमिनीशी बोलतात. मलाही उलगडा होईना. माझा जन्म बस चालवण्यात गेला, मी आपला गाडी कुठून वळेल तेवढं बघतो.

सुताराशेजारी मात्र तिने डोळे मिटले आणि हसली. डाव्या हाताला रंधा, समोर शाळेची घंटा, मागे कुणाच्या तरी कोंबड्या. सुताराला सुट्टी असेल तेव्हा काय, मी विचारलं. तेव्हा लाकडाचा वास असतोच की, म्हणाली.

रविवारी आम्ही तिथे खुंट्या ठोकून सुतळीने खोल्या आखल्या. ही डोळे मिटून सगळ्या घरभर फिरली. स्वयंपाकघरात सुतळीत पाय अडकला, तर नसलेल्या भिंतीवरून मलाच फैलावर घेतलं. मी मुकाट्याने भिंत सरकवली. सुतार काम टाकून आमची गंमत बघत होता.

उरलेली सुतळी गुंडाळताना तिने मला सांगितलं. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली होती. कडेचं दिसणं गेलंच आहे, मधलंही हळूहळू जाणार, त्यावर इलाज नाही. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे, ती मी आज मोडतो आहे. ती रडून मोकळी झाली, मला अजून जमलेलं नाही. खुंट्या तशाच ठेवल्या आहेत, नकाशा तूच काढ. पण त्याची घाई नाही, घर तिला नंतर हातांनीही बघता येईल. तू ये. अगदी समोर बसलीस, तर तुझा चेहरा तिला अजून दिसतो.

तुझाच, रागावलीस तरी तुझाच,
बाबा