उजव्या फुप्फुसाच्या तळाशी

सोमवार, १० नोव्हेंबर. कार्तिक वद्य षष्ठी.

सकाळी दहाच्या सुमारास नाशिकच्या रुग्णालयात दाखल झालो. चिरंजीव दीपकने ओझरच्या कारखान्यातून आठ दिवसांची रजा काढली आहे. त्याचाच चेहरा माझ्यापेक्षा अधिक उतरलेला. मला मात्र खोली आवडली. दोन खाटा, स्वच्छ चादरी, आणि खिडकीतून थेट पांडवलेण्यांचा डोंगर.

मोठ्या आतड्यातली गाठ बुधवारी काढतील. छत्तीस वर्षे वणीच्या शाळेत संस्कृत शिकवले, त्याहून अधिक वर्षे अजपाजप केला, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर मन ठेवले. देह हे घर आहे आणि घराची डागडुजी अधूनमधून करावी लागते. याहून मोठे महत्त्व मी या प्रसंगाला देत नाही.

शेजारच्या खाटेवर सावळीराम, मखमलाबादकडचा फुलशेतकरी. पोटाची शस्त्रक्रिया होऊन त्याला चार दिवस झाले आहेत. आल्या आल्या विचारले, गुरुजी, तंबाखू हाय का? नाही म्हटल्यावर म्हणाला, मंग तुमची-आमची सोयरीक नाय जमायची. पुष्कळ दिवसांनी मनापासून हसलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सप्तमी.

भूलतज्ज्ञ डॉ. हर्षाली येऊन गेल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, पण समजावण्याची हातोटी मुरलेल्या शिक्षिकेची. आधी शिरेतून औषध, मग नळीवाटे वायू. स्नायू सैल पडतील आणि श्वास यंत्र देईल, मिनिटाला बारा. त्या निद्रेत फुप्फुसांचे तळ मिटू लागतात. जागे झाल्यावर खोल श्वास घेऊन, खोकून ते उघडायचे. न उघडल्यास तेथे कफ साचतो, न्यूमोनिया होतो, आणि पुन्हा झोपवून नळी घालावी लागते. पंचाहत्तरीत त्यातून परतणे अवघड असते, हेही त्यांनी लपवले नाही.

मी त्यांना सांगितले की, अहोरात्रात मनुष्याचे श्वास एकवीस हजार सहाशे. आयुष्य वर्षांनी नव्हे, श्वासांनी नेमलेले असते. म्हणून साधक ते जपून घेतो. मी मिनिटाला सात-आठच घेतो. त्या हसून म्हणाल्या, काका, परवापासून मात्र भरपूर उधळपट्टी करायची हं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. नवमी.

अक्षर वाकडे येते आहे. काल शस्त्रक्रिया चार तास चालली. गाठ संपूर्ण निघाली. हे सांगताना दीपकला रडू आवरेना.

व्यायाम करून घेणाऱ्या स्नेहलने तीन चेंडूंचे एक छोटे यंत्र हाती दिले. नळी ओठांत धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर चढले पाहिजेत. दर तासाला दहा वेळा. एका ओढीतच टाक्यांवर विस्तव ठेवल्यासारखे झाले. दोनदा केले आणि माझ्या जुन्या रीतीने संथ, उथळ श्वास घेत पडून राहिलो. तेच हिताचे वाटले. सावळीराम पाहत होता. म्हणाला, गुरुजी, श्वास काय रेशनवर भेटतो का?

एक विचार मात्र पाठ सोडत नाही. चार तास, मिनिटाला बारा. दोन हजार आठशे ऐंशी श्वास या देहात आले आणि गेले. त्यांतला एकही मी घेतला नाही. मी तेथे नव्हतोच. मग ते कोणी घेतले?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दशमी.

ताप आहे. डॉ. हर्षालींनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी हवा जात नाही, म्हणाल्या. एक्स-रेमध्ये तेथे पांढरा डाग आहे.

दुपारी बोटांच्या पेरांवर श्वास मोजत होतो. श्वास सोडल्यावर, पुढचा घेण्यापूर्वी एक विराम असतो. त्या विरामात उजव्या बरगडीखाली काहीतरी आत ओढले गेले. बारीक, ओलसर. मी थांबलो. ते थांबले नाही. घड्याळ लावून मोजले. मिनिटाला बारा.

परकायाप्रवेश शास्त्रांत सांगितला आहे. धनी बाहेर गेला की देह दुसऱ्याला मोकळा. वर्गात ही कथा मी मुलांना गंमत म्हणून सांगत असे.

शनिवार, १५ नोव्हेंबर. एकादशी.

खोल श्वास घेतला की तळाचा तो आवाज मोठा होतो. म्हणजे मीच त्याला पोसतो आहे. यंत्र उशीखाली लपवले. खोकला दाबून धरला. स्नेहल रागावली: बाबा, हा हट्ट जिवावर बेतेल. दीपकने हात जोडले. अण्णा, माझ्यासाठी एक घ्या ना, एकच. मी मान फिरवली. काय सांगू त्याला?

सावळीराम आज हसला नाही. दुपारी माझा डोळा लागला होता. म्हणाला, गुरुजी, मगाशी दोन जण घोरत व्हते.

रविवार.

तिथी आठवत नाही. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. तोंडावर मास्क. डॉ. हर्षाली म्हणाल्या, दुपारपर्यंत पाहू, नाहीतर झोपवून नळी — पुन्हा तीच झोप — पुन्हा घर रिकामे. कागदावर लिहिले, झोपवू नका. दीपकने नळीच्या संमतीपत्रावर सही करून टाकली आहे.

चूक माझी. खोल श्वास मी घेतले नाहीत — दारे मीच मिटून ठेवली — आत तो निवांत —

दुपार.

यंत्र मागितले. आता ओढायचेच. सगळे तळ उघडायचे, त्याला बाहेर काढायचे. नळी ओठांत धरली — मी अजून ओढलेच नव्हते — तिन्ही चेंडू वर. वरच थांबले. स्नेहलने टाळ्या वाजवल्या.

चार वाजले.

शहाण्णव. डॉ. हर्षाली नळी नको म्हणाल्या. दीपक पाया पडला. अण्णा, जिंकलात. त्यावर हसू आले — मी हसलो नाही —

श्वास रोखला आहे. मुद्दाम. तीन मिनिटे झाली. मी घेत नाही. छाती वरखाली होतेच आहे. संथ. बारा.

हाक मारायची आहे — जीभ वळत नाही — हात अजून माझा — दोन बोटे तरी —

दीपक, मास्क काढून तू ज्याला पाणी पाजतो आहेस, तो