गायरानातलं स्टायलो

बाबा, तुमच्या माघारी मी पुष्कळ लिहिलं, बहुतेक इंग्रजीत, आणि सगळं एकाच चाऱ्याच्या झुडपाबद्दल. स्टायलो म्हणतात त्याला. शेंगवर्गातलं, कमी पाण्यावर तगणारं. लातूर तेव्हा नवा जिल्हा होता, कचेऱ्यांच्या पाट्यासुद्धा नव्या होत्या, आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत मी या झुडपाच्या पानांचे तुकडे काचेच्या बाटल्यांत वाढवायची. पानाच्या पेशीत बाहेरचा गुण घालायचा आणि करपा न लागणारं स्टायलो तयार करायचं, असा आमचा घाट. तुम्ही बाटल्या पाहून विचारलंत, "ह्ये गुरानं खायाचं कसं? काच फोडून?" मी हसले होते. तुमचं बरोबर होतं. बाटलीबाहेर काढली की आमची रोपं माना टाकत, आणि त्यातलं एकही कधी गुराच्या तोंडी लागलं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. भोकरकडच्या आपल्या गावात कडबा संपला होता. मी प्रयोगशाळेच्या कोठीतलं साधं स्टायलोचं बी कापडी पिशवीत बांधून तुम्हाला दिलं आणि गायरानातल्या आपल्या तुकड्यात पेरायला सांगितलं. एक सर पडली, तेवढ्यावर तुम्ही पेरलंत. लोक जनावरं छावणीत नेत होते. तुम्ही मात्र विहारापुढे बसून सांगताय, "आपल्याला छावणी नगं. माझ्या लेकीचं गवत येऊन राहिलंय." आई हे सांगायची तेव्हा तुमच्यासारखी मान ताठ करायची. पुढे दोनदा बरा पाऊस झाला, पण बी उगवलं नाही. तोवर छावणीत जागा राहिली नव्हती. आधी गाय गेली, मग आठ दिवसांत दोन्ही बैल.

स्टायलोच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. मी रोज सकाळी कामाला बसले की आधी बी तेजाबात बुडवून, धुऊन घ्यायची; चुलीवर तवा ठेवावा इतकं ते अंगवळणी पडलेलं. तुम्हाला तेजाब लागलंच नसतं. चहाचं पातेलं भरून पाणी उकळायचं, खाली उतरवून बी त्यात थोडा वेळ बुडवायचं, की झालं. एवढं एक वाक्य सांगायचं मी विसरले. शिकलेल्या बाईचा शहाणपणा हा असा.

मग तुम्ही पुन्हा लातूरला आलात. उरलेलं मूठभर बी धोतराच्या सोग्यात बांधून आणलं होतं, परत द्यायला. माझे साहेब टेबलाशी उभे आहेत आणि तुम्ही दारातच थांबून म्हणताय, "बाई, तुझं बी वाया गेलं माझ्या हातून. लई उथळ पेरलं म्या." साहेब म्हणाले, "या लोकांना शास्त्रीय पद्धत कळत नाही, तिथेच सगळं बिघडतं." तुम्ही हात जोडलेत. "हाव साहेब, अडाणी माणूस हाय म्या." मी म्हटलं, "असू द्या बाबा, होतं असं." चहासुद्धा विचारला नाही तुम्हाला.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. आणखी दोन उन्हाळे तापले तशी मातीतल्या बियांची कवचं आपोआप उकलली आणि गायरानात पिवळ्या फुलांचं गुडघाभर स्टायलो आलं. चरायला आपल्या दावणीला जनावरच नव्हतं, ते दुसऱ्यांच्या शेळ्यांनी खाल्लं. आई बांधावर बसून रडली. म्हणाली, "त्येंचा हात चांगलाच व्हता की गं." तिलाही मी खरं सांगितलं नाही. आता तीही नाही. नातवंडं तुमची गोष्ट सांगतात, की आजोबांनी बी उथळ पेरलं होतं. हे कागद त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून मी ते जाळणार आहे. इतक्या वर्षांनीही मी तशीच आहे.

बाबा, त्या दिवशी तुम्ही "उथळ" म्हणालात आणि चूक कुणाची ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुम्ही बाहेर पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा नीट करत होतात. बराच वेळ लागला तुम्हाला. मी खिडकीतून बघत होते, आणि तुम्ही लवकर जावं असं मला वाटत होतं.