देवापुढे ठेवलेला मेल

९ नोव्हेंबर, रविवार

नि. जेवायला आला होता. इलेक्ट्रॉनिक सिटीहून इथे बसवनगुडीला यायचं म्हणजे माझ्या लेकाला परगावी जाऊन आल्यासारखं वाटतं, म्हणून येताना चार कामं बांधूनच आणतो. आजचं काम असं की माझ्या बँकखात्याला जोडलेला मोबाइल नंबर काढून त्याचा टाकायचा. मी एकटी असते, रोज कुणी ना कुणी फसतंय, मेसेज त्याच्याकडे गेले की तो लक्ष ठेवेल. चांगल्या मनानेच म्हणतो, कळतं मला. तरी मनाला पटलं नाही.

हे होते तोवर बँकेचं सगळं ह्यांच्याकडे. मी कधी पासबुकसुद्धा उघडलं नव्हतं. ह्यांना जाऊन वर्ष झालं, त्या वर्षात एकेक शिकले. घरबसल्या विजेचं बिल भरते. पेन्शन जमा झाली की फोन टुण्णकन वाजतो आणि मी ह्यांच्या फोटोला सांगते, "आली हो." तो टुण्ण आता नि.च्या ऑफिसात वाजणार. मग मी त्याला फोन करून विचारायचं, आली का रे? माझ्याच पेन्शनीचं?

पुढच्या रविवारी फॉर्म आणतो म्हणाला. "सरी," म्हटलं. बरं, याशिवाय आणखी काय म्हणणार. भांडले तर म्हणेल आई हट्टी झाली.

कोशिंबीर उरली. उद्या थालीपीठ.

११ नोव्हें., मंगळवार

आज नवलच झालं. बँकेचा मेल आला, तोही चक्क मराठीत!

लग्न होऊन साताऱ्याहून या गावात आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. सासरचे तर म्हणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पण घर आणि इथलं मराठी मंडळ सोडून मराठीत मला कुणी काही पाठवलेलं आठवत नाही. बिलं कन्नडमध्ये, बँक इंग्रजीत, रेल्वे हिंदीत. आणि आज 'आदरणीय ग्राहक महोदया'. वर बँकेचं चिन्ह, खाली बँकेचं नाव. दोनदा वाचला. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले. वाटलं, कुणीतरी आपलं माणूस लागलंय तिथे.

मजकूर मात्र बरा नव्हता. माझी ओळखीची कागदपत्रं जुनी झाली आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत माहिती भरली नाही तर खातं गोठवण्यात येईल. खाली निळं बटण. दाबलं. चौकोन आले. खाते क्रमांक, नाव, पासवर्ड. चष्मा घेऊन बसलेच होते भरायला.

मग ह्यांची आठवण झाली. बँकेचा, विम्याचा, घराचा, कसलाही कागद असो, एक रात्र देवापुढे राहिल्याशिवाय ह्यांनी कधी सही केली नाही. सासऱ्यांची शिस्त ती. एजंट दारात पेन घेऊन उभा असला तरी "नाळे बन्नी" म्हणून त्याला उद्या यायला सांगायचे. मला राग यायचा, चहा परत करावा लागायचा ना. पण ते गेल्यापासून मीही ती मोडलेली नाही.

आता मेल देवापुढे ठेवायचा कसा? फोनच ठेवला असता. पण आमच्या मंडळातल्या कुसुमताईंना फोन करायला वेळकाळ नाही, देवापुढे वाजत बसला असता. ते पान बंद केलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला मेल पुढे पाठवला (तिकिटं त्याच्याकडूनच काढते, तेव्हा सवय आहे) आणि जाऊन छापून आणला. हळदकुंकू लावून अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवला. सकाळी भरू. मुदत संध्याकाळपर्यंत आहे.

१२ नोव्हें., बुधवार

सुसंगत लिहिता येईल असं वाटत नाही.

पूजा झाल्यावर कागद उचलला. खिडकीशी उजेडात धरला. फोनवर नुसतं बँकेचं नाव दिसत होतं. कागदावर मात्र, मी पुढे पाठवला म्हणून असेल, नावापुढे ज्या पत्त्यावरून मेल आला तोही छापून आला होता. त्यात बँकेचं नाव कुठेच नाही. फरशा विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचा पत्ता! आधी वाटलं झेरॉक्सवाल्याने दुसऱ्याचाच कागद दिला. पण वर माझंच नाव.

मग बँकेचे जुने मेल काढले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा, व्याजाचं पत्रक, काय काय. सगळ्यांना बोटाने नावावर दाबून खालचा पत्ता बघितला. सगळे एकाच पत्त्यावरून आलेले, एकाच वळणाचे. फरशीवाला त्यात नाही. आणि त्या मेलांत मला माझ्या नावाने हाक मारलेली आहे. 'आदरणीय ग्राहक महोदया' म्हणायला मी काय दुकानात आलेली गिऱ्हाईक?

काल पासवर्ड टाकला असता तर? ह्यांनी आयुष्यभर साठवलेलं. आणि नि.चं तोंड कसं बघितलं असतं.

शेवटी चारच्या सुमारास समोरच्या लक्ष्मीअक्कांकडे गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग कॉफी, मग विचारलं काय झालं. ऐकून म्हणाल्या, आज दिवस गेलाय, उद्या दोघी शाखेत जाऊ, तोवर फोनला हात लावू नको.

संध्याकाळ झाली. मुदत टळली. एटीएमला जाऊन थोडे पैसे काढून बघितले. निघाले. खातं ठणठणीत! परत येताना रस्त्यात एकटीच हसले. लोक बघत होते, बघोत.

१३ नोव्हें., गुरुवार

शाखेत गेलो. तिथल्या मॅडम तरुण आहेत, कन्नडच, पण समजावून सांगतात. कागद दाखवला तर कुंकवाकडे बघतच राहिल्या. अक्कांनी सांगून टाकलं सगळं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, नुसतं पान उघडलं, काही भरलं नाही, तर काही गेलं नाही. तरी त्यांच्यासमोर पासवर्ड बदलून घेतला. मेल बँकेकडे तक्रारीत पाठवला.

त्यांचं सांगणं असं: मेलवर नाव कुणीही काहीही लावू शकतं, पत्ता बघायचा. तोही ओळखीचा वाटला तरी मेलमधलं बटण दाबायचं नाही, बँकेचं ॲप आपलं आपण उघडायचं. पासवर्ड, ओटीपी बँक मागत नाही, मागितला की समजायचं. आणि जो घाई करतो त्याला तर त्याच्या मुदतीत मुळीच उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, हे आमचे सासरे सांगायचे. "मग तुमचे सासरे आम्हाला पाहिजे होते," म्हणाल्या. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. बाहेर येऊन अक्कांना मसाला डोसा खाऊ घातला, स्वतः दोन खाल्ले.

दुपारपासून मात्र वेगळंच डोक्यात. मराठीतच का आला? माझ्या नावावरून त्यांना कळेल, पण एवढ्यावर कुणी मराठी लिहून काढतं होय? मंडळाच्या ग्रुपवर गणपतीत सगळ्या सभासदांचे मेल-पत्ते फिरले होते. तिथूनच गेले असतील तर सगळ्यांनाच आला असेल. ग्रुपवर सांगायला हवं.

पण नि. त्या ग्रुपवर आहे.

मी बटण दाबलं होतं हे त्याला कळलं की संपलंच. रविवारी फॉर्म घेऊन येणार, मी काय तोंडाने नाही म्हणणार? नुसतं 'असा मेल येतोय, सावध राहा' लिहावं, माझं काही सांगू नये, असं ठरवलं. तसं लिहिलंही. मग पुसलं. तेवढ्याने कोण ऐकतं? असे सावधगिरीचे निरोप रोज पन्नास येतात, कुणी वाचत नाही. मीही नाही वाचत.

शेवटी खरं ते लिहिलं. मला आला, मराठीत होता म्हणून मी हुरळले, बटण दाबलं, चष्मा लावून भरायला बसले, देवापुढे ठेवायचा म्हणून वाचले. खाली पत्ता कसा बघायचा ते. पाठवून दिलं आणि फोन पालथा घालून भाजी निवडत बसले.

पाच मिनिटांत कुसुमताईंचा फोन. आवाज ओळखू येईना. त्यांना तो मेल आजच आला होता, त्या भरतच होत्या. खातं, पासवर्ड सगळं भरून झालेलं, ओटीपी आलेला, तो टाकायला चष्मा पुसत होत्या तेवढ्यात ग्रुपचा मेसेज वर आला. "मराठीत होतं गं," म्हणाल्या, "मला वाटलं आपल्यातलंच कुणी लागलंय बँकेत." मी म्हटलं रडू नका, आधी बँकेला फोन लावा, मेलमधल्या नंबरवर नाही, कार्डाच्या मागच्या नंबरवर. लावला. त्यांनी खातं लगेच बंद करून ठेवलं. सगळं जागच्या जागी आहे. मग दोघी फोनवर रडलो, मग हसलो. त्यांची आमटी करपली.

नि.चा मेसेज नाही. निळ्या खुणा आल्यात, म्हणजे वाचलंय.

१६ नोव्हें., रविवार

नि. आला. फॉर्म घेऊनच.

जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मी वाढत होते आणि मनात उत्तरं जुळवत होते. शेवटी ताक पिताना विचारलंन, "आई, लिंक उघडलीस ना तू?"

"उघडली. आणि बंदही केली."

ताकाचा पेला खाली ठेवला. वाटलं आता व्याख्यान. तर म्हणतो, त्यांच्या ऑफिसात मुद्दाम खोटे मेल पाठवतात, कोण दाबतंय ते बघायला. गेल्या महिन्यात त्याने दाबला. पगारवाढीचा होता. मग सगळ्या नवीन पोरांबरोबर अर्धा दिवस वर्गात बसवलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, ताक नाकात गेलं. मग तोही हसला. किती दिवसांनी असा हसला माझ्यासमोर. लहानपणी हसायचा तसाच, खांदे उडवत.

तरी फॉर्म टेबलावर ठेवलाच. म्हणाला, या वेळी वाचलीस, पुढच्या वेळी फोन येईल, आणखी काही येईल. मला रात्री झोप लागत नाही तुझ्या काळजीने. हे ऐकल्यावर माझी जुळवलेली उत्तरं कुठल्या कुठे गेली. खरंच बोलत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, बघू, सही करायच्या आधी रात्रभर देवापुढे ठेवते. रीतच आहे ती आपली.

"बाबांसारखीच आहेस," म्हणाला. कौतुक की तक्रार, समजलं नाही.

१८ नोव्हें., मंगळवार

अक्कांबरोबर इथल्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेला. गर्दी फार, धूळ त्याहून. भाजलेल्या शेंगा घेतल्या, कुसुमताईंसाठीही. त्यांचं खातं नवीन पासवर्डावर परत सुरू झालं. परवापासून प्रत्येक मेल मला पाठवताहेत, 'हा खरा का बघ गं'. आज साडीच्या सेलचा पाठवला. तो खराच होता, साड्या महाग होत्या.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात यादी बाहेर कशी गेली ते शोधतो. शोधा म्हटलं.

नि.चा फोन. फॉर्म भरला का? म्हटलं, देवापुढे आहे.

२३ नोव्हें., रविवार

नि.ला यायला जमलं नाही, काम. फोनवर विचारलंन. म्हटलं, आहे देवापुढे, कुंकू लावलंय. म्हणाला, "आई, एक रात्र असते ना?" मी म्हटलं, हो ना. जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

लबाडी आहे ही, मला माहीत आहे. पण त्याची काळजीही खोटी नाही. काय करावं सुचत नाही. अक्का म्हणाल्या, नंबर तुझाच ठेव, पण महिन्याचा हिशोब त्याला दाखवत जा. स्वल्प त्याचं, स्वल्प तुझं. बघू, पुढच्या रविवारी त्याच्यापुढे मांडून बघते. मानेल की नाही देव जाणे.

२८ नोव्हें., शुक्रवार

सकाळी पूजेला बसले होते. फोन ओट्यावर. टुण्ण.

उठले नाही. फुलं वाहिली, दिवा लावला. फॉर्मवर कालचं फूल होतं ते काढून आजचं ठेवलं. मग फोटोकडे बघून म्हटलं, "आली हो."