ओढा ओलांडून गेलेल्या खुंट्या

चि. विनीत यास,

अक्काचा आशीर्वाद. तुझी शुगर आटोक्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर हे पत्र जेवण झाल्यावर वाच. (फोन करत नाही, कारण फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.) मंगलला म्हणावं, गुडघ्यांना तेल लावणं सोडू नकोस.

तू राजनंदिनीला सुट्टीत माझ्याकडे धाडलंस ते "अक्का, हिच्या डोक्यातून ते एम.टेक. काढ" असं सांगून. सिव्हिलची पदवी झाली, पनवेलला नोकरी मिळत होती, तरी पोरगी शाश्वत पायाभूत सुविधा नावाच्या विषयात आणखी दोन वर्षं घालवते, याचं तुला दुःख. पहिलं वर्ष संपलं. दुसरं करू द्यायचं की नाही ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. तेव्हा हा अहवाल. जन्मभर विज्ञान शिकवलं आहे, लपवाछपवी करणार नाही.

तिचा प्रबंध आपल्या वाडीवरच्या उतारावर आहे. एकवीस सालच्या दरडींनंतर त्या डोंगराकडे कोणी सहज बघत नाही, हे तुला सांगायला नको. अर्ध्या उतारावर वाळ्याचं गवत लावायचं, अर्धा मोकळा ठेवायचा, दोन्हीकडे खुंट्या ठोकायच्या आणि पावसाळ्यात कुठली खुंटी किती सरकते ते मोजायचं. खुंटी सरकली म्हणजे माती सरकली. मुळांनी माती धरली तर जागोजागी काँक्रीटची भिंत घालावी लागत नाही. मला पटलं. (पटलं असं तिला सांगितलं नाही. त्या वयात लगेच शेफारतात.)

चूक एकच झाली. तिने खुंट्यांची टोकं तांबड्या रंगाने रंगवली.

हायवेच्या रुंदीकरणानंतर पोलादपूर तालुक्यात तांबड्या खुंटीचा अर्थ काय, हे तिला मुंबईच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मोजणी, संपादन, मोबदला. आणि मोबदला जमिनीचा वेगळा, झाडांचा वेगळा. आठवड्याभरात उतारावर आंब्याची कलमं उभी राहिली. मागोमाग काजू आले. पांडूने गोठा बांधला (जनावर एकही नाही). ज्यांच्या जागेत खुंटी नव्हती ते रुसले. साळूबाई तर आपल्या ओटीवर येऊन बसली. "नंदे, माज्या जाग्यात पन येक मार गो. तुज्या बापाला मी कडंवर खेळवलाय." नंदिनीने समजावलं की आजी, इथून रस्ता जाणार नाही. साळूबाई म्हणाली, "नाय सांगायचा तर नको सांगू. पन मार."

मी सगळ्यांना देवळासमोर जमवून खडसावलं की हा अभ्यास आहे, संपादन नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. (निम्मे माझेच विद्यार्थी, न समजता मान डोलावायची सवय तेव्हापासूनची.) दुसऱ्या दिवशी कलमं दुप्पट. बाई स्वतः येऊन नाय म्हणतात म्हणजे नक्की हाय, असं ठरलं होतं.

मग एका सकाळी खालच्या ओळीतल्या तीन खुंट्या सापडेनात. त्या निघाल्या ओढ्यापलीकडे, पांडूच्या दुसऱ्या तुकड्यात, सरळ रेषेत ठोकलेल्या. मी म्हटलं, तुझ्या मोजमापाप्रमाणे डोंगर ओढा ओलांडून पांडूकडे राहायला गेला. पोरगी रडेल म्हणून मी पाठ फिरवली, तर ती दगडावर बसून हसत होती. तिच्या सरांचा फोन आला तेव्हा हसू थांबलं. कलमांमुळे मोकळा उतार उरला नसेल तर तुलना कशाशी करणार, आणि तुलना नसेल तर प्रबंध कसला, असं त्यांचं म्हणणं.

विनीत, तुला हवं होतं ते त्या क्षणी झालं होतं. बॅग भर म्हटलं असतं तर भरली असती. पण मी तसं म्हटलं नाही आणि ती उठून पांडूकडे गेली. खुंट्या मागितल्या नाहीत. म्हणाली, काका, कलमं लावलीच आहेत तर मधल्या जागेत वाळा लावा. पांडूने विचारलं, "त्याचा मोबदला मिळतो काय?" ती म्हणाली, ते मला माहीत नाही, उताराखाली घर मात्र तुमचंच आहे. पांडूने डोंगराकडे बघितलं, मग स्वतःच्या कौलांकडे. दुसऱ्या दिवशी बायका कुदळी घेऊन हजर. आज अर्ध्या नव्हे, सबंध उतारावर वाळा आहे आणि साळूबाई मुकादम आहे (तिला कोणी नेमलेलं नाही).

अहवाल संपला. मुलीला ऊन सोसतं, चढ सोसतो आणि मुख्य म्हणजे माणसं सोसतात. नोकरी थांबेल. तिला शिकू दे.

तुझी,
अक्का

ता. क. तुलनेसाठी मोकळा उतार मात्र अजून लागतो. अख्ख्या वाडीत काही न लावलेला एकच तुकडा उरला आहे, देवळामागचा तुझा, जिथे डोंगर कापून तू बंगला बांधणार आहेस. दोन पावसाळे त्याला हात लावू नकोस. त्यानंतरही लावावा की नाही, ते तुझीच मुलगी मोजून सांगेल.

ता. क. २. तू ठरवलेला इरशाद महाडहून जेसीबी घेऊन आला होता. चहा देऊन परत पाठवला.

ता. क. ३. शिक्षण आणि जागा, दोन्हीला तू आनंदाने हो म्हणालास, असं मी नंदिनीला शनिवारीच सांगितलं आहे. आभार मानायला तिचा फोन येईल. तेव्हा "कशाबद्दल?" असं विचारू नकोस.